चौदा सुया आणि एका आईचा प्रश्न



या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ज्यांचे नाव आहे त्या गुरुजींनी आम्हांला विज्ञान शिकवले. त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी शाळेने मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला बोलावले, तेव्हा मला संकोच वाटला. मी संतवाङ्मयावर किंवा वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील मराठी बोलीवर बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा असावी. परंतु गुरुजींचे एक देणे साठ वर्षांहून अधिक काळ माझ्याकडे थकलेले आहे. त्यांच्यासमोर एका आईने एक प्रश्न टाकला होता आणि त्या वेळी मी तिथे उभा होतो. त्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास हाच आज माझा विषय आहे. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, तेवढेच मांडतो.

त्या वेळी मी नऊ-दहा वर्षांचा होतो. शाळेतून घरी जाताना मला आणि माझ्या बाकावरच्या सोबत्याला एकाच कुत्र्याने चावा घेतला. सोबत्याचे नाव सांगत नाही; त्याची मुले-नातवंडे याच जिल्ह्यात नांदत आहेत. कुत्रा पिसाळलेला असल्याचे दुसऱ्या दिवशी सर्वांनीच मान्य केले आणि आम्हा दोघांना दवाखान्यात नेण्यात आले. मग चौदा दिवस, रोज एक, पोटात सुई. माझ्या पिढीतल्या श्रोत्यांना अधिक सांगायला नको. बेंबीच्या कोणत्या बाजूला आज टोचायचे हे कंपाउंडर बोटाने चाचपून ठरवत असे. कालच्या गाठीवर सुई आली की डोळ्यांपुढे अंधारी येई. माझे चौदा दिवस पार पडले. सोबत्याला बाराव्या दिवशी ताप भरला. तेराव्या दिवशी त्याला लघवी होईना, आणि चौदाव्या दिवशी त्याला उभे राहता आले नाही.

‘कुत्र्याचे विष चढले’ असे गावाने ठरवले. त्याच्या घराकडे कोणी फिरकेना. मुलगा आता पाण्याला भिणार, भुंकणार आणि मरणार, असे बोलले जाऊ लागले. तो मेला नाही. छोट्या लाईनच्या गाडीने त्याला गोंदियाला आणि पुढे नागपूरला नेले. तीन-साडेतीन महिन्यांनी तो परत आला, तेव्हा काठी टेकत चालत होता. डावा पाय जन्मभर ओढत राहिला. शाळेत त्याचे नाव पुन्हा घालायला त्याची आई आली, तेव्हा ती गुरुजींना म्हणाली, “मास्तर, दोघायले एकच कुत्रं चावलं. सुयाबी एकाच बाटलीतल्या. मंग माह्याच पोराचे पाय काऊन गेले?”

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. ते म्हणाले, “बाई, हे मला ठाऊक नाही. खोटे सांगणार नाही.”

हा प्रश्न विज्ञानाने आधीच हाती घेतला होता, हे तिला, मला आणि बहुधा गुरुजींनाही त्या वेळी माहीत नव्हते. तो कुठून सुरू झाला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचे भय आपल्याकडे पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अलर्कविषाचे आणि ‘जलत्रास’ या लक्षणाचे वर्णन आढळते. पाण्याला भिऊ लागलेला रोगी वाचत नाही, हे त्या आचार्यांना पुरते ठाऊक होते. ‘अलर्क’ हा त्यांचाच शब्द आजही मराठी परिभाषेत रेबीजसाठी आहे. या रोगावर पहिला उपाय ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये झाला. लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला तेरा वेळा टोचले. टोचलेला पदार्थ होता अलर्काने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू, हवेत वाळवून दुबळा केलेला. मुलगा वाचला आणि जगभर जयजयकार झाला. पण काही वर्षांतच कुजबूज सुरू झाली. लस घेतलेल्यांपैकी एखाददुसऱ्याला ताप येई, पाय लुळे पडत, लघवी अडे. हा अलर्क म्हणावा, तर त्यातले अनेकजण बरे होत. अलर्कातून बरे कोण होते? मग हे काय होते?

भारतात १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. त्याआधी ज्यांना परवडे ते पॅरिसला जात. ज्यांना परवडत नसे त्यांचे काय होई, हे सांगायला नको. दक्षिणेतली कुन्नूरची संस्था १९०७ ची. १९०२ साली लिली पॅकनम वॉल्श नावाची तरुणी अलर्काने मेली, आणि हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून ती संस्था उभी राहिली. कसौलीचे पहिले संचालक डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली लस तयार करण्याची नवी रीत प्रसिद्ध केली. प्राण्याच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, मेंदू वाटून त्याचा द्राव करायचा आणि फेनॉलने विषाणू मारून टाकायचा. त्यासाठी भारतात पुढे मेंढीचा मेंदू रूढ झाला. ही लस स्वस्त होती, देशातच तयार होई, आणि तालुक्याच्या गावापर्यंत बाटलीतून पोचवता येई. मुंबईत परळची हाफकिन संस्था आणि इतर सरकारी प्रयोगशाळा तिचे उत्पादन करीत. या लसीने लाखो माणसे वाचवली. मी त्यांतलाच एक. आज तिला शिव्या देणे सोपे आहे. तेव्हा दुसरे काही हाती नव्हते.

मात्र त्या बाटलीत मेलेल्या विषाणूबरोबर भरपूर मेंदूही होता. आपल्या मज्जातंतूंभोवती एक स्निग्ध, पांढरे वेष्टण असते. त्याला मायलिन म्हणतात. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असते, तसेच हे. वेष्टण उडाले की संदेश अडखळतो आणि कधी पोचतच नाही. मेंढीच्या मेंदूतले मायलिन चौदा दिवस शरीरात शिरत राहिले, तर शरीराची प्रतिकारशक्ती त्याला परके मानून त्याच्याविरुद्ध सज्ज होते. आणि मेंढीचे मायलिन व माणसाचे मायलिन यांत फरक फार थोडा असतो. शत्रूला शोधायला निघालेले शिपाई स्वतःच्याच घरात शिरतात.

ही गोष्ट सिद्ध व्हायला १९३३ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क महिनोन्‌महिने टोचला. त्यात कोणताही रोगजंतू नव्हता. तरीही काही माकडांचे पाय लुळे पडले. १९३५ साली रिव्हर्स व श्वेंटकर यांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्या मेंदूंत मायलिन नष्ट झाल्याचे स्पष्ट दिसले. शरीर स्वतःवर हल्ला करणार नाही, असे पाउल एर्लिखसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले होते. त्या श्रद्धेला इथे तडा गेला. १९४७ साली एल्विन कॅबट यांनी विशिष्ट तेलकट द्रव्य मिसळून हाच रोग महिन्यांऐवजी आठवड्यांत घडवून दाखवला. १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी रोगी उंदराच्या लसिका ग्रंथींतील पेशी निरोगी उंदरात घातल्या आणि त्यालाही रोग झाला. तेव्हा कळले की रोग या पेशींतून वाहतो. साधारण त्याच सुमारास आमच्या गावात माझा सोबती काठीने चालायला शिकत होता.

आता या हकिगतीचा दुसरा पदर. १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी एका रोगाचे सविस्तर वर्णन केले. त्यात मेंदूत आणि मज्जारज्जूत कठीण, करडे चट्टे पडतात, आणि चट्ट्याच्या जागी मायलिन उडालेले असते. त्याला आज मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. तो बहुधा तरुण वयात गाठतो, स्त्रियांना अधिक होतो. आज एका डोळ्याने दिसेनासे होते, दोन महिन्यांनी ते बरे होते; पुढच्या वर्षी हात बधिर होतो; आणखी काही वर्षांनी चाल बिघडते. सोबत्याला झाला तो हा रोग नव्हे, हे आवर्जून सांगतो. त्याचा आघात एकदाच झाला आणि थांबला. मल्टिपल स्क्लेरोसिस परत परत येतो. परंतु दोन्हींत मायलिनवरच घाव पडतो. त्यामुळे लसीच्या अपघातातून निघालेले रिव्हर्सचे माकड पुढे ऐंशी-नव्वद वर्षे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या संशोधनाचे मुख्य साधन ठरले. माकडाची जागा नंतर उंदराने घेतली, एवढेच.

हा रोग गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे नसतोच, अशी समजूत आपल्या डॉक्टरांतही दीर्घकाळ होती. ती मोडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. नोशीर वाडिया यांनी १९५७ साली जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग सुरू केला. मुंबईच्या पारशी वसाहतींतील पाहणी भरूचा आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केली. १९९० साली वाडिया व भाटिया यांचा अभ्यास आला. पारशी समाजात हा रोग इतर भारतीयांहून कितीतरी अधिक आढळतो, असा दोन्हींचा निष्कर्ष होता. एकाच शहरात, एकाच हवेत, एकाच पाण्यावर राहणाऱ्या दोन समाजांत इतका फरक का? प्रश्न त्या आईचाच आहे, फक्त माणसांच्या ठिकाणी समाज आले. उत्तराचा एक भाग रक्तात, म्हणजे वारशात असला पाहिजे. १९८५ साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली. रुग्णांना आपण एकटे नाही हे निदान त्यामुळे कळले.

वारशाचा शोध १९७२-७३ मध्ये सुरू झाला. आपल्या पेशींवर काही ओळखचिन्हे असतात. त्यांच्या संचाला एचएलए म्हणतात. प्रतिकारशक्तीच्या शिपायांना एखादा तुकडा दाखवून ‘हा आपला की परका?’ असे विचारण्याचे काम ही चिन्हे करतात. त्यांतील डीआर-१५ नावाचे रूप मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत अधिक दिसते, असे युरोपात आढळले. २००३ साली मुंबईच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. भीमसेन सिंघल, इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेचे यू. शंकरकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथेही याच कुळातल्या रूपांशी संबंध दिसला. पुढे आंतरराष्ट्रीय संघाने २०१९ साली ४७ हजारांहून अधिक रुग्णांची जनुके तपासून दोनशेहून अधिक जागा दाखवल्या, जिथला छोटा फरक धोका थोडा थोडा वाढवतो. बहुतेक जागा प्रतिकारशक्तीशी संबंधित निघाल्या. २०२४ साली प्राचीन हाडांतील जनुकांवरून असे मांडले गेले की डीआर-१५ चे ते रूप सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ मैदानांतल्या पशुपालकांबरोबर युरोपात पसरले. गुराढोरांपासून येणाऱ्या रोगांशी लढायला ते कदाचित उपयोगी पडत असावे. म्हणजे मेंढपाळाला तारणारे जनुक पुढे त्याच्या वंशजावर उलटले. मेंढी काही आपली पाठ सोडत नाही!

पण वारसा हे पूर्ण उत्तर नव्हे. एकबीज जुळ्यांची जनुके सारखीच असतात. तरी एकाला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण सुमारे चौथा हिस्साच भरते. उरलेल्या तिघांची जनुके काय करीत होती?

इथे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचा एक जुना शब्द कामाला येतो. जीवशास्त्रज्ञ ज्याला ‘जनुकांची अभिव्यक्ती’ म्हणतात, त्यातली ‘अभिव्यक्ती’ मी पस्तीस वर्षे वर्गात शिकवली. रस नव्याने उत्पन्न होत नाही, त्याचे अनुमानही होत नाही. जे आत वसलेले आहे ते अभिव्यक्त होते, असे अभिनवगुप्त सांगतो. जनुकांचेही काहीसे असेच आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एकच पोथी असते. डोळ्यातली पेशी तिचे काही अध्याय वाचते, यकृतातली दुसरे, आणि बाकीचे मिटून ठेवते. कोणते पान कधी उघडले, किती वेळा वाचले, यावर पेशीचे वागणे ठरते. पोथी असणे वेगळे आणि ती वाचली जाणे वेगळे. ‘असणे’ आणि ‘दिसणे’ यांतले अंतर मुंबईने एकदा फार सुंदर रीतीने दाखवले आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ वर्णिला. अशा माणसाकडे ए किंवा बी गटाचे जनुक असू शकते, पण ज्या मूळ द्रव्यावर ते आपली खूण उमटवते तेच नसल्याने रक्तात काही दिसत नाही. तज्ज्ञ म्हणतील की ही काटेकोर अर्थाने अभिव्यक्तीची अडचण नव्हे. जनुक वाचले जाते, त्याला कामाला जागा नसते. ते खरे आहे. तरीही जनुक हातात असून प्रत्यक्षात न उतरणे म्हणजे काय, हे समजायला मला याच उदाहरणाने मदत झाली.

पोथीतली कोणती पाने उघडी आहेत हे एकाच वेळी हजारो जनुकांसाठी पाहण्याचे तंत्र गेल्या शतकाच्या अखेरीस हाती आले. स्टॅनफर्डच्या लॉरेन्स स्टाइनमन यांच्या गटाने २००२ साली मृत रुग्णांच्या मेंदूतल्या चट्ट्यांत कोणती जनुके जोरात वाचली जात होती, ते पाहिले. ताज्या चट्ट्यात आणि जुन्या चट्ट्यात वेगळीच पाने उघडी होती. एकाच नावाच्या रोगात दोन टप्पे दोन वेगळ्या भाषा बोलत होते. म्हणूनच एका टप्प्यावर चालणारे औषध दुसऱ्यावर चालत नसावे. २०१८ साली स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतून त्याहून चमत्कारिक वार्ता आली. मायलिन विणणाऱ्या पेशी बिचाऱ्या मार खाणाऱ्या आहेत, असे सर्वांना वाटत होते. परंतु रोगात या पेशीही प्रतिकारशक्तीची काही पाने उघडतात, शिपायांना तुकडे दाखवू लागतात. घरातलाच कोणी शिपायांना दार उघडून देत असेल, तर सगळा दोष शिपायांच्या माथी कसा मारायचा?

उपचारांचा इतिहास मी थोडक्यात सांगतो. त्यात फसगती पुष्कळ आहेत. १९८७ साली गॅमा इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्तीचे द्रव्य १८ रुग्णांना दिले, तर ७ जणांचा रोग उसळला. त्याचाच भाऊबंद असलेला बीटा इंटरफेरॉन मात्र उपयोगी ठरला आणि १९९३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. औषध इतके अपुरे होते की कोणाला आधी द्यायचे हे सोडत काढून ठरवावे लागले. हे औषध टोचल्यावर काही तासांत रक्तातल्या शेकडो जनुकांचे वाचन बदलते. त्यांतले एमएक्सए नावाचे जनुक उघडले की औषध पोचले असे समजायचे. काही रुग्णांच्या शरीरात पुढे औषधाविरुद्धच प्रतिद्रव्ये तयार होतात, तेव्हा ते पान पुन्हा मिटलेले दिसते आणि सुया व्यर्थ जात आहेत हे कळते. जनुकांच्या अभिव्यक्तीचा रुग्णाला झालेला हा अगदी रोकडा उपयोग आहे.

शिपायांना मेंदूत शिरूच द्यायचे नाही, या कल्पनेवरचे नॅटालिझुमॅब १९९२ च्या प्रयोगांतून निघाले. २००४ साली त्याला मान्यता मिळाली, २००५ च्या फेब्रुवारीत ते मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये कडक देखरेखीसह परत आले. पहारा उठल्यावर मेंदूत सुप्त विषाणू माजला आणि काही रुग्ण दगावले, हे मधल्या माघारीचे कारण. नंतर बी-पेशी नावाच्या शिपायांनाच रक्तातून कमी करणारी औषधे आली. रिटुक्सिमॅबचा मल्टिपल स्क्लेरोसिसमधला प्रयोग २००८ चा, त्याच जातीच्या ऑक्रेलिझुमॅबला मान्यता २०१७ ची. भारतीय रुग्णाच्या दृष्टीने यातले मोलाचे वर्ष २००७ आहे. त्या साली हैदराबादच्या कंपनीने रिटुक्सिमॅबची देशी आवृत्ती बाजारात आणली. ती आली होती कर्करोगासाठी. पण तिच्यामुळेच मल्टिपल स्क्लेरोसिसचे उपचार मध्यमवर्गाच्या थोडे तरी आवाक्यात आले.

आता ज्या औषधाचा जन्म थेट आपल्या मेंढीच्या मेंदूशी जोडलेला आहे, त्याकडे वळतो. लसीच्या अपघाताला मायलिनमधले मूळ प्रथिन कारण होते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मिखाएल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटलबाउम यांनी साठच्या दशकात त्या प्रथिनाची नक्कल बनवायला घेतली. फक्त चार अमिनो आम्लांची, साधी. ती टोचून प्राण्यांत रोग निर्माण करायचा, असा बेत होता. नकलेने रोग निर्माण केला नाहीच, उलट खरे प्रथिन टोचलेल्या प्राण्यांतला रोग आटोक्यात ठेवला. १९७१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. १९९६ साली ते ग्लॅटिरॅमर या नावाने औषध म्हणून मान्य झाले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मल्टिपल स्क्लेरोसिससाठीची तीन औषधे आपल्या अत्यावश्यक यादीत प्रथमच घेतली. त्यांत रिटुक्सिमॅब आणि क्लॅड्रिबिन यांच्या जोडीला हे ग्लॅटिरॅमरही आहे.

आणि २०२२ साली उत्तराचा आणखी एक तुकडा सापडला. अमेरिकन सैन्यातील एक कोटीहून अधिक माणसांच्या नोंदी व साठवलेले रक्तनमुने यांवरून दिसले की एप्स्टाइन-बार या विषाणूची लागण झाल्यानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका बत्तीस पटींनी वाढतो. या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या एका प्रथिनासारखा दिसतो, असेही त्याच वर्षी दाखवले गेले. हा विषाणू तर बहुतेक सर्वांनाच होऊन गेलेला असतो. म्हणजे पुन्हा तेच: सर्वांना एकच कुत्रे चावले आहे.

त्या आईच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर थायलंडमधून आले. तिथेही सेंपलची लस वापरात होती. १९८७ साली हेमाचुधा आणि सहकाऱ्यांनी लसीनंतर लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तात मायलिनच्या त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखवली. रिव्हर्सच्या माकडांत जे घडले तेच माणसांत घडत होते. १९९९ साली अशाच रुग्णांची एचएलए चिन्हे तपासली गेली. लस घेऊनही धडधाकट राहिलेल्यांच्या तुलनेत लुळे पडलेल्यांत त्यांतली काही विशिष्ट रूपे अधिक आढळली. एकच बाटली, एकच सुई. पण ‘हा आपला की परका?’ हा प्रश्न माझ्या पेशींनी एका रीतीने विचारला आणि त्याच्या पेशींनी दुसऱ्या. नशीब म्हणतात त्याचा निदान एक भाग पेशींवरच्या एका चिन्हात होता. उरलेला भाग अजूनही नशीबच आहे.

एका गोष्टीबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो लपवत नाही. नवजात उंदराच्या मेंदूत मायलिन जवळजवळ नसते, म्हणून त्यापासून बनवलेली सुरक्षित लस १९५५ सालीच चिलीत तयार झाली होती. १९७६ साली इराणमधला अनुभव प्रसिद्ध झाला. पिसाळलेले लांडगे व कुत्रे चावलेल्या ४५ जणांना मेंदूशिवाय, मानवी पेशींवर वाढवलेली लस दिली, आणि ४५ पैकी एकही दगावला नाही. मेंदूपासूनच्या लसी बंद करा, असे जागतिक आरोग्य संघटना ऐंशीच्या दशकापासून सांगत होती. भारतात त्यांचे उत्पादन थांबले ते २००४ च्या डिसेंबरात. पैशाची अडचण होती, नव्या लसी महाग होत्या, हे सर्व मला मान्य आहे. तरीही मधल्या वीस वर्षांत सरकारी दवाखान्यांच्या रांगांत उभे राहिलेले कोण होते, याचा हिशेब कोणी मांडलेला मला दिसला नाही. ज्याला परवडे तो बाजारातून नवी लस विकत घेई. रांगेत उभे राहणारे बैहरचे, लांजीचे, लामट्याचे होते. २००६ साली कातडीत टोचायच्या कमी मात्रेच्या पद्धतीला मान्यता मिळाली आणि नवी लस सरकारलाही परवडू लागली. आज बालाघाटच्या मुलाला दंडात चार-पाच सुया पुरतात. चौदा सुयांची गोष्ट त्याला खोटी वाटते.

मी या सगळ्यात शिरलो तो एका विद्यार्थिनीमुळे. एम. ए. ला माझ्याकडे होती. पुढे शाळेत शिक्षिका झाली. तिशी उलटली आणि तिच्या एका डोळ्यापुढे धुके आले. निदान व्हायला दोन वर्षे आणि नागपूरच्या कितीतरी फेऱ्या लागल्या. कागदांची पिशवी घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, ऑटोइम्यूनला मराठीत काय म्हणतात? आईला सांगायचंय.” मी ‘स्वप्रतिकार’ म्हटले, ते तिला पटले नाही आणि मलाही नाही. तिनेच मग आईला सांगितले, “माझं शरीर मला ओळखेनासं झालंय.” याहून चांगली परिभाषा मला आजवर सुचलेली नाही. दर सहा महिन्यांनी ती नागपूरला जाऊन शिरेतून औषध घेते, परत येते आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर उभी राहते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. प्रमाणपत्र काढायला गेली तेव्हा खिडकीवरच्या माणसाने तिला आपादमस्तक पाहिले आणि विचारले, “तुम्ही तर चालता की?” हे कार्यालय कुठले, ते सांगत नाही.

तिच्यासाठी वाचता वाचता रिव्हर्सच्या माकडांपाशी पोचलो, तेव्हा मला बाकावरचा सोबती आठवला. तो तेव्हा हयात होता. त्याची आई आणि गुरुजी दोघेही गेलेले होते. एका संध्याकाळी त्याच्या ओसरीवर बसून मी त्याला सर्व सांगितले: पाश्चरचा ससा, कसौली, मेंढीचा मेंदू, मायलिन, चिन्हे. तुझ्या अंगात कुत्र्याचे विष कधीच चढले नव्हते, हेही सांगितले. तो बराच वेळ डाव्या पायाच्या पोटरीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे साठ वर्षं लोक कुत्र्याले शिव्या देत राह्यले, अन्‌ चावली होती मेंढी.” आणि तो इतका हसला की आतून त्याची सून बाहेर येऊन पाहून गेली.